सयाजी सरांची सव्वीस अक्षरं

शाळेच्या माहितीपत्रकात ठळक छापलं होतं, ‘पाचवीपासून फ्रेंच’. छापलं तेव्हा शाळेत फ्रेंच येणारं एक माणूस होतं. दिवाळीनंतर तेही राहिलं नाही. निशिगंधा मॅडमना बंगळूरला चांगली नोकरी लागली आणि त्या गेल्या. मागे ठेवून गेल्या एक वही, आणि शाळेच्या मोबाइलवर स्वतःच्या आवाजात म्हटलेली फ्रेंचची सव्वीस अक्षरं. माहितीपत्रकांचे गठ्ठे मात्र अजून ऑफिसात तसेच पडून होते, आणि छापलेला कागद वाया घालवणं मुख्याध्यापिका क्रांती मॅडमच्या स्वभावात नव्हतं.

त्यांनी सगळ्या शिक्षकांच्या फायली काढल्या. खेळाचे शिक्षक सयाजी चौगले, वय पंचावन्न, यांच्या फायलीत एक ओळ सापडली : पाँडिचेरी येथील फुटबॉल स्पर्धेत सहभाग. सरांना बोलावणं गेलं.

“सर, तुम्ही पाँडिचेरीला होता?”

“आठ दिवस गेलतो, मॅडम. सेमीफायनलला हरलो.”

“तिथे फ्रेंचांचं राज्य होतं ना?”

“व्हतं. पर मी गेलतो तवा न्हवतं.”

“तरी वातावरण असेल.”

“वातावरण दमट व्हतं.”

एवढ्या पात्रतेवर सयाजी सर फ्रेंचचे शिक्षक झाले. त्यांनी हात जोडले, डोकं खाजवलं, आपल्याला इंग्रजीसुद्धा दमानं घ्यावं लागतं हे प्रामाणिकपणे सांगून पाहिलं. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग वेळापत्रक पुढे सरकवलं. पाचवीचे ग्राउंडचे दोन तास, मंगळवार आणि शुक्रवार, खोडले होते आणि वर लाल पेनानं ‘फ्रेंच’ लिहिलं होतं.

“जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी पुण्याहून परीक्षक बाई येणार आहेत,” मॅडम म्हणाल्या. “पालकही येतील. मुलांना अक्षरं आली पाहिजेत, बाकी काही नको. अक्षरं आली की तुमचे तास तुम्हाला परत.”

शेवटचं वाक्य ऐकून सर तयार झाले. ग्राउंड म्हणजे काही मोठं नव्हतं. शाळेच्या मागचा लाल मातीचा चौकोन, एका टोकाला खरा गोलपोस्ट आणि दुसऱ्या टोकाला गोलपोस्ट समजायच्या दोन कुंड्या. पण त्या चौकोनात सरांची एकोणतीस वर्षं गेली होती. लग्न, मुलीचं बाळंतपण, सासऱ्यांचा तेरावा, एवढ्या तीन कारणांसाठीच त्यांनी रजा घेतली होती, आणि तिन्ही वेळा तिकडून ‘पोरं खेळाय लागल्यात का’ म्हणून फोन केला होता. अशा माणसाचे दोन तास परत मिळणार असतील, तर तो फ्रेंच काय, चिनीसुद्धा शिकवायला उभा राहील.

पहिल्या मंगळवारी ते वर्गात शिरले ते गळ्यात शिट्टी घालूनच. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात वही. पाचवीची अडतीस पोरं ग्राउंडला जायला बूट घालून तयार बसली होती.

“बूट काढू नका,” सर म्हणाले. “फ्रेंच बी बूट घालूनच शिकायचं.”

त्यांना शिकवायची एकच पद्धत येत होती, ती म्हणजे टीम बांधायची. फळ्यावर त्यांनी सव्वीस अक्षरं मांडली ती ओळीत नाही, मैदानावर मांडतात तशी. आ, बे, से, दे ही सोपी मंडळी मागं बचावाला. एल, एम, एन आपल्या ओळखीची, ती मधल्या फळीत. अवघड सगळी पुढं. मग मोबाइलवर निशिगंधा मॅडमचा आवाज लावायचा, शिट्टी मारायची, आणि पोरांनी एका दमात म्हणायचं. सर स्वतः एकही अक्षर म्हणत नसत. कोचनं मैदानात उतरायचं नसतं, एवढं साधं कारण त्यांनी स्वतःला दिलं होतं. दुसरं कारण त्यांनी स्वतःलाही दिलं नव्हतं.

पण एकेका अक्षराला काय हवं हे त्यांना बरोबर दिसे. इंग्रजीतला जी फ्रेंचात ‘झे’ होतो आणि जे होतो ‘झी’, त्यामुळे पोरं सारखी गोंधळायची. सरांनी सांगितलं, “त्या दोघांनी जर्शा बदलल्यात. नंबर बघू नका, तोंड बघा.” एच हे अक्षर नावापुरतं ‘आश’, शब्दात आलं की त्याचा आवाजच नाही. “ह्यो राखीव खेळाडू,” सर म्हणाले, “यादीत नाव हाय, खेळत न्हाय.” सम्राट नावाचा एक गुबगुबीत मुलगा वर्षभर राखीवच बसायचा, त्याला हे अक्षर फार आवडलं आणि तो ते इतक्या जिव्हाळ्यानं म्हणू लागला, की ऐकणाऱ्याला त्याची दया यावी.

यू आला तेव्हा वर्ग अडकला. मॅडमचा आवाज धड उ म्हणत नव्हता, धड ई म्हणत नव्हता. सरांनी तीनदा ऐकलं, खिडकीतून बाहेर बघितलं आणि गळ्यातली शिट्टी काढून पृथ्वीराजच्या ओठांत दिली.

“फुंकू नको. ओठ तसंच ठेव. आता शिट्टी काढतो, ओठ हलवायचं न्हाईत. म्हण ई.”

पृथ्वीराजनं म्हटलं, आणि मोबाइलमधल्या मॅडम पाचवीच्या तिसऱ्या बाकावर येऊन बसल्यासारखं वाटलं. पोरांनी बाकं वाजवली. मग ती एकच शिट्टी अडतीस तोंडांतून फिरू नये म्हणून सर धावत जाऊन स्टोअरमधल्या सगळ्या शिट्ट्या, एक डेटॉलची बाटली आणि फडकं घेऊन आले.

आर त्याहून वाईट निघाला. तो जिभेवर नव्हताच, खाली घशात कुठंतरी होता, आणि कोल्हापूरच्या पोराला र म्हणायला सांगितलं की तो जिभेनं दगड फोडल्यासारखा र म्हणतो. तिथं मुबशिरा उपयोगी पडली. ही टीमची गोलकीपर, वर्गात सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत कमी बोलणारी. तिला अरबी शिकवायला घरी एक आपा येत, आणि त्यांनी तिच्याकडून घशातला ग़ दोन वर्षं घोटून घेतला होता.

“सर, ह्यो तर ग़ैनच्या शेजारचा हाय,” ती म्हणाली आणि आर म्हणून दाखवला. घशात मऊ खरखर झाली, बस.

“तुला जमतंय ते ह्यास्नी कसं जमवायचं?”

“गुळण्या करू देत की.”

त्या दिवसापासून पाचवीचं फ्रेंच नळावर सुरू झालं. तासाच्या आधी सगळी पोरं ग्राउंडच्या कडेच्या नळावर ओळीनं उभी राहत, तोंडात कोमट मिठाचं पाणी घेत, मान वर करत आणि घशातून आवाज काढत. चौथीतल्या पोरांना वाटलं पाचवीत साथ आली आहे. पण पंधरा दिवसांत फरक पडला. आता पोरं डबा उघडताना आर म्हणत, भांडताना म्हणत, आणि सम्राटची आई तर शाळेत विचारायला आली की पोराला कफ झालाय का.

जानेवारी मध्यावर आला तोवर सव्वीसच्या सव्वीस अक्षरं जागेवर बसली होती. सरांनी मनातल्या मनात मंगळवार आणि शुक्रवार परत ग्राउंडवर नेऊन ठेवले. आंतरशालेय स्पर्धा फेब्रुवारीत होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरं नळावर गुळण्यांना उभी होती, तेव्हा शिपाई आकाराम लगबगीनं आला आणि सरांना बाजूला घेऊन त्यांच्या कानाला लागला. आकाराम तरुणपणी तालमीत घुमलेला गडी. त्याची कुजबुज पलीकडच्या गल्लीत ऐकू जाते. एरवी पोरांच्या गलक्यात ती बुडाली असती, पण त्या क्षणी अडतीस पोरांच्या तोंडात पाणी होतं आणि नळावर चिडीचूप शांतता होती.

“सर, कमिटीची मिटिंग झाली. मी च्या द्यायला आत हुतो. पोरांनी उद्या अक्षरं नीट म्हटली की नवीन मॅडम घ्यायच्याच न्हाईत म्हणं. तुमालाच फ्रेंचला कायम करायलाय्त, पाचवी ते आठवी.”

“आनी ग्राउंड?”

“पीटीचा मास्तरच न्हाय म्हटल्यावर ग्राउंड कशाला? बस लावायच्यात तिथं. पोरास्नी हॉलमदी योगासनं.”

“आनी नीट न्हाय म्हटली तर?”

“तर मग पुन्याहून नवीन मॅडम आनायला लागंल. तुमी हाय तिथंच.”

मागं एकदम अडतीस गुळण्या थुंकल्याचा आवाज झाला.

पुढचा तास कसा गेला ते सरांनाच कळलं नाही. त्यांना मॅडमचा राग आला, कमिटीचा आला, पाँडिचेरीचा तर फारच आला. मग एक विचार मनात आला आणि त्याची त्यांना लाज वाटली : पोरांना नुसतं एवढं सांगायचं, की उद्या जरा बेतानं. कुणाला कळणार नव्हतं. पण एकोणतीस वर्षांत त्यांनी एकाही टीमला हरायला सांगितलं नव्हतं. पेठापेठांच्या फुटबॉलवर वाढलेल्या कोल्हापुरात माणूस बाकी काहीही विसरेल, विकलेली मॅच विसरत नाही. दुसऱ्या पेठेचा पंच समोर असला तरी त्यांनी पोरांना खेळा म्हणूनच सांगितलं होतं. तास संपला तेव्हा ते एवढंच म्हणाले, “उद्या सकाळी जेवून या. उपाशी पोटी घसा चालत न्हाय.”

शनिवारी हॉल भरला. मागच्या खुर्च्यांवर पालक, पुढे क्रांती मॅडम, शेजारी पुण्याच्या परीक्षक बाई. बाई साध्या होत्या, सुती साडी, चष्मा दोरीला. त्या पोरांशी हसून बोलल्या. आधी सगळ्यांनी मिळून म्हणा, म्हणाल्या.

सगळ्यांनी मिळून म्हटलं, आणि सर चक्रावले. से च्या जागी सी ऐकू आलं. झे आणि झी दोघांनी पुन्हा आपापल्या जर्शा घातल्या. यू तर सरळ इंग्रजीतला यू. घाबरली असतील, सरांना वाटलं. मग बाईंनी एकेकाला उभं केलं. पृथ्वीराज, ज्याच्या यू वर निशिगंधा मॅडमनी जीव ओवाळून टाकला असता, तो ओठ पसरून म्हणाला, “यू.” सम्राटनं एवढ्या लाडक्या अक्षराला “एच” म्हटलं आणि म्हणताना त्याला इतकं वाईट वाटलं की ते तोंडावर दिसलं.

मग मुबशिरा उठली. बाईंनी आर विचारला. मुबशिरानं छताकडं बघितलं आणि स्पष्ट इंग्रजीत म्हणाली, “आर.” खाली बसताना तिनं कानाची पाळी धरली. कॉर्नर किकच्या आधी सगळं ठरल्याप्रमाणं चाललंय हे सांगायला टीम वापरते तीच ही खूण होती, आणि ती टीमला सरांनीच शिकवली होती.

सरांना सगळं उमगलं. पोरं घाबरली नव्हती. पोरं हरत होती, ठरवून, नीट बांधणी करून, ज्याला जे सगळ्यांत चांगलं येतं तेच चुकवून. आणि ते सगळं सरांसाठी, त्या लाल चौकोनासाठी चाललं होतं. एवढं प्रेम त्यांच्यावर आजवर कुणी असं भर हॉलमध्ये केलं नव्हतं.

क्रांती मॅडमच्या कपाळावर आठी चढत होती. बाईंनी वहीत काहीतरी लिहायला पेन उघडलं. गप्प बसलं की झालं, सरांना कळत होतं. शहाणा माणूस गप्प बसला असता. आजूबाजूला शहाणी माणसं भरपूर बसलीही होती.

सरांनी शिट्टी मारली.

हॉल दचकला. एका पालकाच्या हातचा मोबाइल पडला.

“माफ करा बाई,” सर उभे राहून म्हणाले. “ही पोरं मुद्दाम चुकायलाय्त. मॅच परत घ्यावी लागंल.” मग ते पोरांकडं वळले, आणि त्यांचा आवाज बदलला. “माझ्या टीमनं मुद्दाम हरायचं न्हाय. कुणासाठी बी न्हाय. माझ्यासाठी तर अजिबात न्हाय. उठा. आ पासून.”

पोरं उठली. कुणी कुणाकडं बघितलं नाही. पहिली चार अक्षरं रागानं आली, पाचव्याला राग विसरला, आणि मग ती अशी सुटली की थांबेनात. झे आणि झी जागच्या जागी. सम्राटचा आश हॉलच्या पत्र्याला जाऊन लागला. अडतीस तोंडांचे शिट्टीचे ओठ झाले आणि अडतीस घशांतून एकदम आर घरंगळला, तेव्हा बाईंनी चष्मा काढून हातात घेतला. झेद म्हणून पोरं थांबली, तशी मागं टाळ्या सुरू झाल्या.

सरांची छाती भरून आली होती आणि त्याच छातीत काहीतरी तुटतही होतं. क्रांती मॅडम उठून उभ्या राहिल्या. आमचे सयाजी सर यापुढे कायमचे फ्रेंचचे शिक्षक असतील, असं त्यांनी तिथंच जाहीर करून टाकलं. पुन्हा टाळ्या. फक्त पाचवीनं वाजवल्या नाहीत.

“एक मिनिट,” परीक्षक बाई म्हणाल्या. “सर, आता तुमचं ऐकू द्या. शिकवणाऱ्याचे उच्चारही मला नोंदवावे लागतात.”

सर पुढे आले. इथं चुकलं की ग्राउंड वाचतं, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. पण पाच मिनिटांपूर्वी पोरांना जे सांगितलं ते सगळ्यांच्या कानांत ताजं होतं, त्यांच्या स्वतःच्या तर फारच. त्यांनी शर्ट खाली ओढला, पाय रोवले आणि जेवढं अंगात होतं तेवढं सगळं लावून म्हणायला सुरुवात केली.

दे पर्यंत बरं गेलं. पाचव्या अक्षराला घसरले. झे आणि झी मध्ये ते असे अडकले की दोन्ही एकदमच बाहेर आले. आरला त्यांनी मान वर केली, डोळे मिटले, घसा ताणला, आणि आला तो खणखणीत पेठेतला र, शिंगरू उधळल्यासारखा. हॉलमध्ये हसू फुटलं. यूला ओठ शिट्टीचे केले तर आवाजाऐवजी शिट्टीच वाजली, आणि मग हसणारे हसू आवरेनात. सर थांबले नाहीत. घाम पुसत त्यांनी झेदपर्यंत मजल मारली आणि सावधान उभे राहिले.

“सर,” बाई मऊपणानं म्हणाल्या, “मुलं तुमच्यापेक्षा कितीतरी चांगलं म्हणतात.”

“व्हय. ती खेळत्यात बी माझ्यापेक्षा चांगली.”

बाई हसल्या नाहीत. त्या क्रांती मॅडमकडं वळल्या आणि सगळ्या पालकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “मुलांची तयारी उत्तम आहे. पुढे शब्द येतील, वाक्यं येतील, त्याला फ्रेंच येणारा शिक्षक लागेल. तो नेमा, मी तसं लिहिते. आणि या सरांना जिथे होते तिथेच ठेवा. असा कोच मला पुण्यातही दिसलेला नाही.” एवढ्या पालकांदेखत मॅडमना मान हलवण्याखेरीज काही करता आलं नाही.

अर्ध्या तासानं ग्राउंडवर पोरांनी सरांना घेरलं.

“काय ॲक्टिंग केलासा सर,” पृथ्वीराज म्हणाला. “आमाला हरू दिलं न्हाईसा आनी सोता बरोबर हरलासा. ती शिट्टी वाजवलासा न्हवं का, मला तर खरीच वाटली.”

सगळी पोरं हसत होती. एवढ्या आदरानं त्यांनी सरांकडं कधी बघितलं नव्हतं. सरांनी क्षणभर तो आदर तसाच अंगावर राहू दिला. उबदार होता, आणि ठेवून घेतला असता तर कुणी मागायला येणार नव्हतं.

“ॲक्टिंग न्हवती,” ते म्हणाले. “जीव तोडून म्हणत हुतो. येत न्हाय मला.”

पोरांचं हसू हळूहळू थांबलं. “एक बी?” सम्राटनं विचारलं.

“चार-पाच येत्यात.” पंचावन्नाव्या वर्षी दहा वर्षांच्या पोरांसमोर हे म्हणताना त्यांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. “रोज घरात म्हणून बघायचो, दार लावून. बायको म्हणायची, डॉक्टरला दाखवा. आज वाटलं, येतंय. न्हाय आलं.”

मुबशिरा इतका वेळ मागं उभी होती. हरायचं सगळं तिनंच ठरवलं होतं, हे सांगायची गरज नव्हती. ती पुढं आली.

“म्हंजे तुमी शिट्टी मारलासा तवा,” ती सावकाश म्हणाली, “पुढं बाई तुमाला म्हणायला लावतील ह्ये ठावं न्हवतं.”

“न्हवतं.”

“आनी लावलं तर तुमी चुकशीला, ह्ये बी न्हवतं.”

“न्हवतं.”

“मग ग्राउंड खरंच गेलं आसतं.”

“गेलं आसतं,” सर म्हणाले. त्यांनी दोन कुंड्यांकडं बघितलं. “सगळं गेलं आसतं.”

मुबशिरानं मान खाली घातली आणि बुटाच्या टोकानं लाल माती उकरत राहिली. मग म्हणाली, “चुकलं, सर.”

“हं,” सयाजी सर म्हणाले. “जा, गोलात उभी ऱ्हा.”

ती पळत गेली, आणि त्या दिवशी तिनं एकही बॉल आत जाऊ दिला नाही.